अर्धं काढणारी पल्लवी

आमच्या दुकानात रद्दीपेक्षा किस्से जास्त साठतात. रद्दी निदान विकता तरी येते. नाशकात बोर्ड, फ्लेक्स, लोगो करणारी दुकानं पुष्कळ, पण पल्लवी आमच्याकडेच आहे. डिझाइन करते आणि जाणूनबुजून अर्धंच ठेवते. मी शेजारच्या मशीनवर प्रिंट काढतो, त्यामुळे सगळं माझ्यासमोरच घडतं.

निफाडकडच्या एका बागायतदाराला द्राक्षाच्या पेटीवर छापायला लोगो हवा होता. पल्लवीनं मण्यांच्या नुसत्या वरच्या कडा काढल्या. मला तर अख्खा घड दिसला. बागायतदारांनी नकारार्थी मान हलवली. "ताई, अर्ध्या द्राक्षांना व्यापारी भाव पण अर्धाच देईल."

आमचे मालक बाळूकाका तापले. पल्लवी म्हणाली, "काका, डोळ्याला खूण पुरते. राहिलेलं मन भरून काढतं."

"असं? मग उद्यापासून डबा पण अर्धाच आण. राहिलेलं पोट भरून काढेल."

गंमत म्हणजे आमच्याच पाटीचा खालचा रंग कधीचा उडालाय. अक्षरांचा वरचा निम्मा भागच उरलाय. पल्लवीनं काकांना रस्त्यापलीकडे नेऊन विचारलं, "काय दिसतं?" काकांनी पाटी घडाघडा वाचली. "अख्खी तर आहे. उगाच खोड काढू नकोस."

मग आल्या योगा क्लासच्या मॅडम. त्यांना लोगो म्हणून पल्लवीनं दिला एक ठिपका आणि खाली एक वळणदार रेघ, बस्स! मॅडम कितीतरी वेळ बघत होत्या. "मी एवढी जाड आहे का हो?"

ऑर्डर हातची गेली. काकांनी सांगून टाकलं, "आता एक जरी काम परत आलं, तर दुसरीकडे नोकरी बघ." पल्लवीचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालतं.

नेमक्या त्याच आठवड्यात सिन्नरहून एक आजी मुलाला घेऊन आल्या. यजमानांच्या वर्षश्राद्धाला फोटो हवा होता. होता तो एकच, पावसात भिजलेला. टोपी, चष्मा, मिशी तेवढी उरलेली, बाकी चेहरा धुऊन गेलेला. काका म्हणाले, कॉम्प्युटरवर दुसऱ्या कुणाचा चेहरा बसव. पल्लवी ऐकेना. "परक्या माणसाचे गाल मी नाही लावणार." तिनं कागदावर टोपी, चष्मा आणि मिशी एवढंच रेखाटलं. मधे कोरा कागद.

आजी फ्रेम न्यायला आल्या तेव्हा काका काउंटरवरच उभे होते. आजींनी पदरानं काच पुसली आणि बघत राहिल्या. पल्लवीचा चेहरा उतरला. शेवटी आजी मुलाला म्हणाल्या, "गालावरचा तीळबी आलाय बघ."

काकांना राहवेना. "कुठंय हो?"

"हा काय." आजींनी कोऱ्या जागेवर बोट टेकवलं.

काका चष्मा सारखा करून वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"हो की," म्हणाले.