दोनदा वाजणारी घंटी

माझी भावजय विनुता तंजावुरातल्या एका खत कंपनीत अठरा वर्षं टायपिस्ट होती. काम चोख, बोलणं कमी. १९९५ साली तिथे गुरुमूर्ती नावाचा नवा मॅनेजर आला, पाठोपाठ कॉम्प्युटर आला. मॅनेजरच्या टेबलावर पितळी घंटी असे. एकदा वाजली की शिपायाने जायचं, दोनदा वाजली की विनुताने. तिला उभी ठेवून तो पत्र वाचायचा. चूक सापडली की सगळ्यांदेखत कागद जमिनीवर टाकून तिलाच उचलायला लावायचा. मशीन आलंय, आता तुम्ही कशाला, हे रोजचंच.

तिचं अन्न तुटलं. सकाळी ओकाऱ्या, केस मुठीमुठीने हातात. रविवारी दुपारपासूनच पोटात कळा. माझा भाऊ रघुपती म्हणे, वयाचं आहे, अक्का. मूर्ख. मीही खोलात शिरले नाही, तेही सांगून टाकते.

आडी, म्हणजे आषाढ महिन्यातल्या शुक्रवारी घरी मारिअम्मन देवीची पूजा होती. शेजारच्या बायका जमल्या होत्या. रघूने आरतीची घंटा वाजवली आणि विनुता ताडकन उठली. डोळे विस्फारलेले, अंग थरथरतंय, पदर घामाने भिजलेला. बायका म्हणाल्या, अम्मा अंगात आली. कुणी कडुलिंबाचा डहाळा हातात दिला, कुणी पायांवर हळदीचं पाणी ओतलं. माझा भाऊ घंटा वाजवत वाजवतच बायकोच्या पाया पडला, काय हवं ते सांग म्हणाला.

मी अगदी जवळ होते म्हणून ऐकू आलं. ती पुटपुटत होती, "सॉरी सर. परत टाइप करते, सर."

मी घंटा हिसकावून घेतली.

डॉक्टरांकडे रक्तदाब दोनशेला टेकलेला. असंच चाललं तर झटका येईल, म्हणाले. घरी येऊन मी तिचा राजीनामा लिहिला. तिने पेन धरलं, ठेवलं, पुन्हा धरलं.

"अक्का, त्यांनी बोलावलं तर?"

"बोलावू दे. तू जायचं नाहीस."

"दोनदा वाजली की पाय आपोआप जातात माझे."

हात एवढा कापत होता की सही जमेना. शेवटी मी शाई आणली. अठरा वर्षं टाइप केलेल्या बाईने अंगठा उठवला.

कागद मीच नेऊन दिला. गुरुमूर्तीने वाचला आणि सवयीने घंटी दोनदा वाजवली. मीही दाराकडे बघितलं, ती येते की काय म्हणून.