दहाच्या दहा

शेवगावकडच्या एका जत्रेत उखळी तोफेत बंदुकीची दारू ठासणारा म्हातारा मी दरवर्षी बघतो. ठासायला लाकडी दांडाच, लोखंडाला बंदी. नायलॉनचा शर्ट घातलेल्याला, मग तो सरपंच का असेना, वीस पावलं मागं हटवतो. त्यातनं म्हणे ठिणगी उडते. स्वतःच्या कानावर मात्र बिडी!

एकदा मी चिडवलं, "बाबा, अन् ही?"

"बिडी हितं हाय, काडीपेटी घरी म्हातारीपाशी." मग हळूच म्हणाला, "माझ्या आधीच्या गड्याची तीन बोटं गेल्ती. गाव त्याला उस्ताद म्हनायचं. माझी दहाच्या दहा हायत, तर म्हनत्यात, ह्याला अजून जमत न्हाई."

आता बार उडाला की सगळी जत्रा धुराकडं बघते. मी त्याची बोटं मोजतो.