दुसरं एन्झाइम

“रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आहे,” न्यूरॉलॉजिस्ट बाई म्हणाल्या, “पण हे त्याच विषाचं आहे.”

चेन्नईत अण्णा नगरच्या हॉस्पिटलात मी यांच्या खाटेशी उभी होते. बाईंनी यांना पायाची बोटं वर उचलायला सांगितली होती. हे कपाळावर आठ्या घालून जोर लावत होते आणि बोटं जागची हलत नव्हती. आजाराचं नाव डिलेड न्यूरोपथी. म्हणजे विषबाधा ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी नसा निकामी व्हायला लागणं. मला काही केल्या पटेना. ओसरली म्हणूनच तर आम्हाला घरी पाठवलं होतं ना?

तुमच्याकडे कुणाला कीटकनाशकाची बाधा होऊन गेली असेल, तर हे जरूर वाचा. आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

मी सांगलीची, सासर तंजावरी मराठी. नवरात्रात यांच्याकडे कोलू असतो, म्हणजे लाकडी पायऱ्या रचून त्यावर बाहुल्या मांडायच्या. त्या वर्षी माळ्यावरून फळ्या काढल्या तर वाळवी लागलेली. यांनी जॉर्ज टाउनमधून वाळवीचं औषध आणलं. ते पाण्यात मिसळून वापरायचं असतं. यांनी तसंच घट्ट, ब्रशनं फासलं, तेही सोवळ्यात. फळ्या देवीच्या, म्हणून उघड्या अंगानं, रेशमी मुकटा नेसून, औषधाचा डबा मांडीशी धरून. रबरी हातमोजे सोवळ्यात चालत नाहीत म्हणे. त्यात पाण्याची टंचाई, लॉरी येईल तेव्हा पाणी. सोवळ्याआधी आंघोळ झालेली, दुसऱ्यांदा कोण करतंय! तांब्याभर पाण्यानं हात धुतले की झालं.

संध्याकाळी यांना घाम फुटला, लाळ गळायला लागली, उलट्या सुरू झाल्या. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी लगेच ओळखलं. औषध ऑर्गनोफॉस्फरस जातीचं होतं. आपल्या शरीरात कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम असतं, ते नसांचे निरोप पोचले की थांबवतं. हे विष त्यालाच बंद पाडतं, मग निरोप थांबतच नाहीत. अॅट्रोपिनची इंजेक्शनं दिली, हे बचावले, घरी आले. मी देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून यांची पूजा सुरू, त्याच मुकट्यात. रेशमी मुकटा आमच्याकडे रोज धूत नाहीत. दांडीवर टाकायचा आणि इतरांनी शिवायचा नाही. त्याला उग्र वास येत होता. मी म्हटलंसुद्धा, “अहो, एकदा धुवायला द्या तो.” तर म्हणे, रेशमाला विटाळ नसतो. पुढे कोण बोलणार!

मग पोटऱ्यांत गोळे यायला लागले. मी तेल चोळलं. मग चप्पल पायातून निसटायची आणि यांना कळायचंही नाही. एकदा बँकेतून येताना हे जिन्यात कोसळले, तेव्हा आम्ही परत हॉस्पिटल गाठलं.

बाईंनी विचारलं, “त्या दिवशीचे कपडे कुठे आहेत?” मी मुकट्याचं सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, “आजच घराबाहेर काढा. हातमोजे घालून.”

मग त्यांनी शांतपणे समजावलं. नसांमध्ये दुसरंही एक एन्झाइम असतं, न्यूरोपथी टार्गेट एस्टरेज. लांब नसांची निगा राखायला ते लागतं. विष त्यालाही चिकटतं, आणि काही विषांचा तुकडा कायमचा अडकून बसतो. मग नस शेंड्याकडून मरत येते. गल्लीत पाणी कमी आलं की शेवटच्या घराचा नळ आधी कोरडा पडतो, तशी पायाची बोटं आधी जातात. रक्ताचा रिपोर्ट पहिल्या एन्झाइमचा होता. दुसऱ्याची तपासणी तिथे होत नव्हती.

“कातडीतून इतकं क्वचितच होतं,” त्या म्हणाल्या. “किती त्या दिवशीचं आणि किती मुकट्याचं, हे मी सांगू शकत नाही.”

मला एकच विचारायचं होतं. हे चालतील ना?

“नसा परत वाढतात, पण फार सावकाश. मज्जारज्जूला इजा झाली असेल तर ती आत्ता दिसणार नाही. पायांत ताकद आली की पाय ताठरायला लागतील, तेव्हा कळेल.”

म्हणजे बरं होण्याचीही धास्ती. नर्व्ह कंडक्शन टेस्टला यांना आत नेलं. त्यात नसांना विजेचे बारीक झटके देऊन वेग मोजतात. मी बाहेर टीव्हीवरच्या तमिळ मालिकेकडे बघत बसले आणि त्यातलं एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

घरी आल्यावर मी रोज सकाळी यांच्या हातात कॉफीचा टंबलर द्यायची आणि बोटांकडे बघत राहायची. आता हातही जातात की काय! यांच्या ते लक्षात आलं. “हिंगे बघू नको, कॉफी पी,” म्हणाले. ‘इकडे’ला हे लोक ‘हिंगे’ म्हणतात. मी मान वळवली, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायचं सोडलं नाही. हात वाचले.

फिजिओथेरपी चालू राहिली. पाऊल लोंबू नये म्हणून प्लास्टिकचे आधार बांधले. पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास पायाचा अंगठा हलला. मी आनंदानं बाईंना फोन केला आणि पुढच्याच महिन्यात डावा पाय लाकडासारखा ताठ व्हायला लागला. त्या म्हणाल्या होत्या तसंच. त्या दिवशी स्वयंपाकघराचं दार लावून मी पोटभर रडून घेतलं.

आज हे काठी घेऊन चालतात, डावा पाय ओढत. तो ताठरपणा जाणार नाही, हे बाईंनी स्पष्ट सांगितलंय. काठी आम्ही पत्करली आहे. माझी भीती मात्र गेलेली नाही. यांना जरा ठेच लागली तरी मी हातातलं काम टाकून धावते.

एप्रिलमध्ये मी गच्चीवर वडाम, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या कुरडया, वाळत घालत होते. भर दुपार, फरशी तापलेली. हे काठी टेकत वर आले, तेही अनवाणी. बधिर पायांनी अनवाणी फिरायचं नाही, भाजलेलं कळत नाही, अशी बाईंची सक्त ताकीद होती. मी ओरडणार इतक्यात हेच कळवळले, “अय्यो, चटका बसला गं.”

माझा हात पिठातच राहिला. “कुठे?”

“कुठे काय, तळव्याला.”

“कुठल्या?”

काठीवर भार देऊन त्यांनी एक पाय उचलला, तो टेकून दुसरा उचलला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, “दोन्ही.”