उलटं झाकण

आमच्या गिरणीच्या दारावर पेंटरकडून मोबाईल नंबर काढून घेतला, तो दळणासाठी. लाईट आहे का, गर्दी आहे का, हे लोकांनी घरबसल्या विचारावं, डोक्यावर डबा घेऊन फुकट खेटे घालू नयेत, एवढाच हेतू. पेंटरनं आकडे असे दणदणीत काढले की जाणाऱ्या एसटीतूनही वाचता यावेत. त्या आकड्यांपायी पुढं अर्ध्या गावाच्या बायकांच्या पैशांची राखण माझ्या गळ्यात पडली. ती मी कशी केली ते सांगते. बढाई वाटली तर वाटू द्या, थोडी आहेच.

मी लग्न होऊन आले तेव्हा बँक म्हणजे एसटीनं नेकनूरला जायचं. पुरुष आत जायचे, बायका बाहेर लिंबाखाली बसायच्या. मी एकदाच आत गेले होते, सासूबाईंना धरून. खातं दोघांच्या नावाचं होतं म्हणून त्यांचा अंगठा लागणार होता. चिठ्ठी दिली की बाबू नंबर घातलेला पितळी बिल्ला द्यायचा. मग तो मुठीत धरून तास-दोन तास बसायचं आणि शिपायानं नंबर पुकारला की उठायचं. बाबू भलंमोठं रजिस्टर दोन्ही हातांनी उघडून त्यात मान घालायचा. कुणी आमच्याशी वाईट वागलं नाही, पण आमच्याकडं बघितलंही नाही. बिल्ला सासऱ्यांच्या मुठीत आणि अंगठा तेवढा सासूबाईंचा. परत येताना त्या एसटीत पदराला शाई पुसत बसल्या होत्या.

नंतर बऱ्याच वर्षांनी ती झिरो बॅलन्सची खाती निघाली. बँकेचे लोक आपल्या पायानं गावात आले, शाळेत टेबल मांडून बसले. बायका नटूनथटून गेल्या, फोटो काढले, अंगठे दिले, कुणी कुणी सह्या केल्या. फॉर्मवर एक रकाना होता मोबाईल नंबरचा. आता बायकांकडं फोन कुठला? नवऱ्यांचे होते, पण निम्मे गडी ऊसतोडीला जाणारे. दर हंगामाला कारखान्यावर नवं सिम घ्यायचं आणि गावाकडं आलं की ते बंद पडायचं. साहेब म्हणाले, रकाना रिकामा ठेवता येत नाही. तेवढ्यात एकीनं खिडकीतून बाहेर बघितलं. समोर आमची गिरणी. ती म्हणाली, "त्यो घाला की." मागच्या सगळ्यांनी तोच घातला. मला कुणी विचारलंही नाही. मी तेव्हा कुणाची तरी बाजरी दळत होते.

महिनाभरात माझा फोन टुंग टुंग करायला लागला. गॅसची सबसिडी आली, रोजगार हमीची मजुरी आली, म्हाताऱ्यांचा निराधाराचा पगार आला. सगळं इंग्रजीत, आणि खात्याचे शेवटचे चार आकडे. माझं शिक्षण सातवी. नेकनूरच्या बँकेतल्या एका बाईंनी मला दोन शब्द ओळखायला शिकवले: क्रेडिट म्हणजे आले, डेबिट म्हणजे गेले. बाकी आकडे मला येतात, गिरणी काय उगाच चालवते? बत्तीस बायकांचे चार-चार आकडे मी पाठ केले. वहीत लिहिले नाहीत, कारण वही कुणीही उघडतं.

पण सांगायचं कसं? गिरणीवर दहा माणसं. एकीला म्हटलं "तुझे आले" की ते संध्याकाळपर्यंत तिच्या दिरापर्यंत, सासूपर्यंत, उधारीवाल्यापर्यंत जातं. म्हणून मी एक रीत पाडली. दळण झालं की डब्याचं झाकण मी लावायची. पैसे आले असले तर झाकण उलटं ठेवायची. काहीच आलं नसेल तर सरळ. पुरुषांच्या कधी ध्यानात आलं नाही. त्यांच्या मते बाईनं झाकण उलटं लावलं म्हणजे बाईचं लक्ष नाही. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, तेसुद्धा एकदा म्हणाले, "नीट लाव की झाकण, पीठ सांडंल." मी म्हटलं, बरं.

एकदा फोनवर एक हिंदी बोलणारा आला. म्हणाला, तुमचं खातं बंद होणार आहे, नंबर सांगा. मी म्हटलं, "कोणतं? माझ्याकडं बत्तीस हायेत." त्यानंच फोन ठेवला.

आता मुद्द्याचं. माझ्या माहेरच्या गावची एक, माझ्याहून दहा वर्षांनी धाकटी, याच गावात दिलेली आहे. ती मला अक्का म्हणते, म्हणजे तिचा नवरा माझा दाजी. दाजी माणूस वाईट नाही. बागायती आहे, बोलका आहे, पण पुढाऱ्यांच्या मागं फिरायचा लई नाद. गळ्यात उपरणं पडलं की त्याला घर दिसत नाही. माझी धाकटी घरी पोलकी शिवायची. शिलाईचे पैसे येतील तसे, कधी शंभर, कधी दोनशे, गावातल्या बँकमित्राच्या मशीनवर अंगठा लावून खात्यात टाकायची. पाच-सहा वर्षं टाकत होती. प्रत्येक वेळी माझा फोन वाजायचा आणि तिच्या डब्याचं झाकण उलटं व्हायचं, म्हणजे तुझे पैसे पोचले. दाजीला वाटायचं, शिलाईतून चहा-साखर निघते. आणि झिरो बॅलन्सचं खातं म्हणजे त्यात झिरोच असतो, अशी त्याची पक्की समजूत. गावातल्या निम्म्या नवऱ्यांची होती, आणि आम्ही बायकांनी कधी ती दुरुस्त केली नाही.

किती साठले होते ते विचारू नका. मी अजूनही सांगणार नाही.

तिची पोरगी बारावी झाली आणि बीडला नर्सिंगच्या यादीत तिचा नंबर लागला. शनिवारच्या आत फी भरायची होती. नेमकी त्याच वेळी ग्रामपंचायतीची निवडणूक, आणि दाजीच्या डोक्यात मेंबर व्हायचं. गाडीला पैसे, जेवणावळीला पैसे. तो पोरीला म्हणाला, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी म्हणजे काय ते पोरीलाही माहीत होतं आणि आईलाही. पुढच्या वर्षी तिला बघायला पाव्हणे आले असते.

गुरुवारी धाकटी अस्तर आणायला म्हणून नेकनूरला गेली. खरं तर बँकेत, कॉलेजच्या नावाचा डीडी काढायला. मला तेवढं सांगून गेली होती. तिकडं ती रांगेत उभी असेल तेव्हाच इकडं दाजी गिरणीत हजर, सोबत त्याच्या पार्टीचा एक गडी. हातात दळणाचा डबा, पण मी काय ओळखत नाही? दाजीनं आयुष्यात कधी दळण आणलं नव्हतं.

लाईट गेलेली. एरवी गिरणीच्या आवाजात फोन मलाच नीट ऐकू येत नाही. त्या दिवशी अशी शांतता की पाखरू बोललेलं ऐकू यावं. दाजी पोत्यावर बसला.

"अक्का, समद्या बायांचे मेसेज तुमच्याकडं येतात म्हणं?"

"येतात."

"मग आमच्या हिच्या खात्यात काय हाय, बघा की जरा. ती म्हणायलीय काई न्हाई."

"ती म्हणायलीय तर तसंच आसंल."

त्याचा जोडीदार हसला. "बे, मी म्हणलो न्हवतो? ह्या बाया एकच आसत्यात."

आणि फोन वाजला. टुंग. मी उचलून बघितलं. चार आकडे तिचे, पुढं डेबिट. डीडी निघाला होता.  दाजी उठला आणि त्यानं हात पुढं केला. "कुणाचं आलं? आणा इकडं, मला इंग्रजी वाचता येतंय."

मी फोन पोलक्यात घातला. तिथं हात घालायची कुणाची छाती नाही.

"अक्का, माझ्याच बायकोचं खातं हाय त्ये."

"बायको तुमची हाय दाजी. खातं तिचं हाय."

"आसं कावून बोलायलात? मी काय चोर हाय?"

"चोर न्हाई. पण आज तुमाला सांगितलं तर उद्या एकतीस नवरे येतील. मग ह्या गिरणीत पीठ न्हाई दळायचं, चुगल्या दळायच्या."

त्याचा चेहरा लालबुंद झाला. जाताना डबा तसाच उचलला आणि म्हणाला, "आता आमच्या आळीचा एक डबा तुमच्या गिरणीवर आला तर मला सांगा."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मायलेकी बीडला गेल्या आणि फी भरून आल्या. मग तिनं दाजीला सांगितलं. तो दोन दिवस जेवला नाही. निवडणुकीला मात्र उभा राहिला आणि पडला. त्याचं खापर त्यानं आमच्या गिरणीवर फोडलं. त्याच्या वरच्या आळीचे डबे खरंच बंद झाले. बिल भरायची पंचाईत आली. मला मालकांची भीती वाटत होती, की हे म्हणतील, सांगून टाकायचं होतंस. ते गिरणीचा पट्टा काढून पुसत बसले होते. मान वर करून म्हणाले, "झाकण उलटं लावतीस त्ये ह्याच्यासाठी व्हय?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मंग बराबर हाय." त्या माणसाचं एवढं एक वाक्य मला जन्मभर पुरेल.

सव्वा महिन्यानं वरच्या आळीच्या बायका ओढ्याकडच्या वाटेनं दळण घेऊन यायला लागल्या.  प्रत्येकीचं काही ना काही माझ्याकडं होतं, आणि मी ते कुणाला दिलं नव्हतं, हे आता त्यांना पक्कं माहीत झालं होतं. त्यांचे डबे रांगेत बघून मला लई अभिमान वाटला. अजून वाटतो.

पुढं तीन-एक वर्षांनी बँकेचं बोलावणं आलं. नेकनूरला गेले तर मॅनेजर म्हणजे नुकतंच मिसरूड फुटलेलं पोरगं. आता रजिस्टर नाही, बिल्ला नाही, समोर कॉम्प्युटर. मला खुर्ची दिली, पण आवाज कडक.

"मावशी, एका मोबाईल नंबरवर बत्तीस खाती? हा काय प्रकार आहे? असे नंबर फसवणूक करणाऱ्यांचे असतात."

मी सगळं सांगितलं, शाळेतल्या खिडकीपासून. त्याला पटलं नसावं. त्यानं एक खातं काढलं, शेवटचे चार आकडे वाचले. "हे कुणाचं?"

मी नाव सांगितलं.

"यात शेवटी किती जमा झाले?"

"ते तुमच्या कॉम्प्युटरवर दिसायलंय की. न्हाई दिसत तर जिचं खातं हाय तिला इचारा."

"मी बँकेचा मॅनेजर आहे, मावशी."

"आसा ना. पण मी आजपर्यंत कुणालाच सांगितलं न्हाई. तुमच्यापास्नं कशाला सुरू करू?"

 त्यानं पेन खाली ठेवलं आणि शिपायाला चहा सांगितला. म्हणाला, आमच्या ट्रेनिंगमध्ये हेच शिकवायला दोन दिवस घालवले. मी म्हटलं, मला कुणी शिकवलं नाही. ज्या बँकेत मी लिंबाखाली बसायची त्याच बँकेत मॅनेजरसमोर चहा पिऊन आले. बशीत ओतून पिले, आणि कुणी हसलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्यानं आमच्या गिरणीसमोरच टेबल मांडलं. नियम आला होता, ज्याचं खातं त्याचा नंबर. एव्हाना बायकांच्या हातात फोन आले होते. एकेक येत गेली, आपला नंबर सांगत गेली, तसा माझा कमी होत गेला. धाकटीनंही दिला. तिचा फोन पोरीनं कोर्समधल्या स्टायपेंडातून घेऊन दिलेला. पोरीचा कोर्स पुरा झाला होता आणि बीडच्या एका दवाखान्यात ती नुकतीच लागली होती. दाजी आता एसटी स्टँडवर ज्याला त्याला सांगतो, पोरीला मी शिकवलं. सांगू दे बापडा. कधी कधी दळणही तोच घेऊन येतो.

संध्याकाळी टेबल उचललं आणि माझा फोन मुका झाला. चांगलं झालं, व्हायलाच पाहिजे होतं. गिरणीच्या दारावर आता स्कॅनरचं स्टिकर आहे आणि बायका दळणाचे पैसे आपापल्या खात्यातून टाकतात. पण खरं सांगते, पहिले काही दिवस मी उगाच फोन काढून बघायची. झाकणं सगळी सरळ लावायची म्हटलं की हाताला चुकल्यासारखं व्हायचं.

महिना संपला आणि धाकटी आली. डबा रांगेत ठेवला, दळण झालं, पैसे दिले. मी झाकण सरळ लावलं. तिनं ते काढलं आणि उलटं ठेवलं.

मला वाटलं, बाईचं लक्ष नाही. मग कळलं. पोरीचा पहिला पगार आला होता, आणि तिनं तो आईच्या खात्यात टाकला होता. मला मेसेज आला नव्हता, म्हणून ती सांगायला आली होती. गिरणी चालू होती, दहा माणसं उभी होती, आणि माझे डोळे भरून आले. म्हटलं, पिठानं चुरचुरायलेत.

इतक्या वर्षांत मी कुणाला कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं, "किती गं?"

तिनं पुढं वाकून माझ्या कानात सांगितलं, रुपयासकट. तो आकडा मी तुम्हाला सांगणार नाही.