डावा कौल दिला कुणी?

डोळे मिटतायत, पण राग झोपू देत नाही. दुपारचं जेवण उरकून पडवीत भट्टीच्या खोक्याला पाठ टेकून बसलेय. बेकरीसाठी घेतलेली कोरी करकरीत भट्टी! बाजारातला गाळा ठरला होता, पाटीसुद्धा रंगवून झाली होती, आणि काल मालकाने तो सरळ पुतण्याला देऊन टाकला. सकाळी मी तडक देवळात गेले. आमच्याकडे अडलं-नडलं की ग्रामदेवाला कौल लावतात. गुरव गाऱ्हाणं घालतो आणि मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. माझी मेली एकही पडेना! गुरव जांभया द्यायला लागला, तरी पाकळ्या जागच्या जागी. तणतणत घरी आले आणि भट्टी विकायचं पक्कं करून टाकलं. उन्हं कलली की टेम्पो येईल न्यायला.

"घोरतंस काय गो, कुंदा?"

येसू आत्ये पायरीवर बसून अबोली गुंफते आहे. ती जाऊन कितीतरी वर्षं झाली हे मला ठाऊक आहे, तरी मी विचारते, "चहा टाकू?"

"टाक. साखर बरी घाल. आता माका डाक्टराची भीती नाय."

मी स्वयंपाकघरात जाते तर तिथे देवळाचा सभामंडप. गाभाऱ्यात माझी भट्टी पेटलेली, आणि माणूस एक दिसत नाही, पण "होय महाराजा!" असा गाऱ्हाण्याला साथ देणारा पुकारा उठतो. आत्ये पुढे चालते आहे. मी तिच्या मागे, आणि पायाखाली होडीच्या धक्क्याचा ओला दगड. तिच्या अंगावर हळदीची पिवळी साडी आहे. खाडी फुगून गढूळ झालीय, पलीकडे लग्नाचा मांडव दिसतोय.

"आत्ये, हा तोच दिवस?"

"तोच. होडी सुटाकच नाय."

पुढचं मला ठाऊक आहे. नवरी वेळेवर पोचली नाही, हा अपशकुन, असं म्हणून मुलाकडच्यांनी लग्न मोडलं. पुढच्याच वर्षी माझी आई गेली. मी रांगत होते. आत्येने मला उचलून कडेवर घेतलं ते माझं लग्न होईपर्यंत खाली ठेवलं नाही म्हणा ना! काय बाई होती! गावाने कीव केली, हिने ती फार दिवस टिकू दिली नाही. साऱ्या गावाच्या लग्नात पुढे होऊन गाणी म्हणायची.

"तुला देवाचा राग नाही आला?"

"इलो तर! शिव्या घातलंय त्याका. पण त्याचो सांजेचो दिवो चुकवलंय नाय."

"आणि मग?"

"मगे काय? तू इलंस."

पानात मीठ वाढावं तसं सहज म्हणते. मी तिचा पदर धरते. "आत्ये, तुझ्यासारखा धीर नाही गं माझ्यात."

"धीर कसलो गो बाय! माका सांग, देवान तुका डावो कौल दिलो काय?"

"नाही."

"मगे तू कित्याक देतंस?"

ती अबोलीची पाकळी तोडते, खाडीच्या पाण्यात बुडवते आणि माझ्या कपाळावर चिकटवते.

"आता तू बस मूर्ती होवन. सगळी टकामका बघतत, तरी हलूचा नाय. देवाक काय सोसूचा लागता ता कळात तुका."

मला हसू फुटतं. हलायचं नाही म्हणून मी ते दाबते. पाठीला भट्टीची ऊब लागते आहे.

हॉर्न वाजतो.

"अगं कुंदा, टेम्पो आला!" हे फाटकातून ओरडतायत. जवळ येऊन थबकतात. "कपाळावर काय चिकटलंय तुझ्या?"

हात वर जातो आणि मध्येच थांबतो. आमची अबोली तर आत्ये गेली त्याच सालात वाळली. पाण्याचा थेंब नाकावरून ओघळून ओठावर येतो. खारट लागतो.

"अहो, परत पाठवा त्याला."

"म्हणजे? आणि ही भट्टी कुठे मांडणार तू?"

"ते देवाने अजून सांगितलेलं नाही," मी मान न हलवता म्हणते.