ट्रक चौघांचा, स्टेरिंग एकाचं

म्हाताऱ्यांनी दुपारी काय करावं हे ज्याला त्याला ठाऊक असतं. विहारात जावं, पेपर वाचावा, औषध घेऊन पडून राहावं. आम्ही चौघं कांचघर मोहल्ल्यात माझ्या घराच्या पुढच्या खोलीत कम्प्युटरवर ट्रक चालवतो. सहा वर्षं झाली. ज्याला हसायचं त्यानं आत्ताच हसून घ्यावं आणि मग पुढचं वाचावं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ते मी कधी लपवलं नाही. चौघांतले तिघं आम्ही कारखान्यात एकाच प्रेसवर, म्हणजे माल दाबायच्या मशीनवर, होतो आणि चौथा तिथंच स्टोअरमध्ये बाबू होता. तो मॅट्रिक, म्हणून इंग्रजी वाचायचं काम त्याच्याकडं.

कम्प्युटर माझ्या मुलाचा. तो याच शहरात, पण पलीकडं राइट टाउनला राहायला गेला, तिथं नवीन घेतला, जुना इथंच राहिला. जाताना बजावून गेला, "पापा, इसको हाथ मत लगाना, बिगड़ जाएगा." हात लावू नका हे आमच्या बापआज्यानं जन्मभर ऐकलं. मी त्याच दुपारी लावला.

पहिला खेळ सापडला तो सुरुंगवाला. छोटे छोटे चौकोन, कुठल्या तरी चौकोनाखाली सुरुंग, बोट पडलं की खेळ खलास. त्यात आकडे उमटायचे. आम्ही महिनाभर ते आकडे शोभेचे समजून नुसत्या अंदाजानं खेळलो आणि रोज मेलो. बाबूला एक दिवस कळलं की आकडा म्हणजे शेजारी किती सुरुंग आहेत ते. "महिनाभर सांगितलं काहून नाही बे?" म्हणून आम्ही उलट त्यालाच झापलं. मग वरून विटा पडायचा खेळ, त्या नीट रचायच्या. मग क्रिकेट. क्रिकेटमध्ये आमची इतकी भांडणं व्हायला लागली की तो आम्ही स्वतःच बंद केला.

आणि मग ट्रक. मुलानंच एका दिवाळीत आणून टाकला. माल भरायचा, दूरच्या गावी पोचवायचा, वाटेत डिझेल भरायचं, झोप आली तर गाडी बाजूला घ्यायची. रस्ते परदेशातले. पहिला आठवडा आम्ही आपले कायद्यानं डाव्या बाजूनं चालवत होतो आणि समोरून येणारा प्रत्येक जण आमच्या अंगावर येत होता. "काय आंधळे लोक आहेत हे!" असं आम्ही रोज म्हणायचो. त्या देशात उजवीकडून चालतात, हे आम्हाला सात दिवस आणि शंभर टकरांनंतर कळलं.

आता हा खेळ आम्ही खेळतो कसा ते सांगतो, कारण खरी गोष्ट तिथंच आहे.

कारखान्यात आमची प्रेस मोठी होती. एकट्यानं ती चालवायची नाही असा नियमच. एक जण माल सरकवणार, एक दांडा ओढणार, एक माल बाहेर काढणार. आणि दुसऱ्याच्या दांड्याला हात लावायचा नाही. त्याला खोकल्याची उबळ येवो, डोळ्यात काही जावो, आपण थांबायचं, पण हात लावायचा नाही. ज्याचा दांडा त्यालाच माहीत असतं मशीन आता काय करणार ते. एकानं मदत म्हणून हात लावला आणि दुसऱ्याची दोन बोटं गेली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

तोच नियम आम्ही ट्रकला लावला. एक कीबोर्ड, चार माणसं. उजवीकडच्या बाणांवर स्टेरिंगवाला. डावीकडची दोन बटणं माझी, एक रेसचं, एक ब्रेकचं. मधे भोंपूवाला, त्याच्याकडं भोंपू, लाइट आणि इंडिकेटर. मागं स्टुलावर बाबू, तो बोर्ड वाचणार आणि वळण यायच्या आधी ओरडणार. जेवणं झाली की एकेक जण जयभीम करत यायचा आणि आपापल्या जागी बसायचा. सहा वर्षांत कोणी जागा बदलली नाही.

"उजव्यानं घे, उजव्यानं!"

"घेऊनच राहिलो नं! तू ब्रेक काहून दाबून राहिला?"

"समोर आडवी गाडी आहे, तुले दिसत नाही का?"

"भोंपू! अबे भोंपू कुठं मेला?"

"वाजवून राहिलो भाऊ, तो गोरा हटतच नाही!"

मुलानं एकदा दारात उभं राहून हे पाहिलं. "पापा, ये एक आदमी का गेम है," म्हणाला. मी म्हटलं, "एका माणसाचा असेल तर तो एक माणूस आम्ही चौघं मिळून आहोत."

मागच्या हिवाळ्यात स्टेरिंगवाल्याला लकवा झाला. वाचला. बोलणं थोडं जड झालं, पाय घासत चालायला लागला, आणि उजवा हात गेला. अडीच महिने आमचा ट्रक पाइप भरलेला तसाच हायवेच्या कडेला उभा. एक दिवस भोंपूवाला हळूच म्हणाला, "स्टेरिंग तू घे नं. रेस मी पाहतो."

"ती जागा त्याची आहे."

"अन् तो आलाच नाही तर?"

"तर ट्रक तिथंच सडू दे."

तो आला. त्याच्या बायकोनं ऑटोनं आणलं. मला दाराशी थांबवून ती म्हणाली, "भाऊजी, दिवसभर भिंतीकडं पाहत राहतात. कोणाशी बोलत नाहीत, जेवतही नाहीत धड. इथंही नाही जमलं तर मग काय करू, मले माहीत नाही." एवढं बोलून ती गेली.

त्याची खुर्ची आम्ही पार उजवीकडं सरकवली, म्हणजे डावा हात बाणांवर येईल. डावा हात बिचारा नवशिका. गाडी कठड्याला लागली, खड्ड्यात गेली, एका शेतात घुसली. सात वेळा. आधी असं झालं असतं तर त्यानं आम्हा तिघांच्या सात पिढ्या काढल्या असत्या. आता एक शब्द नाही. आठव्या वेळी हात काढून घेतला आणि म्हणाला, "तुम्ही चालवा. मी पाहतो."

त्याचं ते 'पाहतो' मला कळलं. घरी भिंतीकडं, इथं पडद्याकडं.

रविवारी मुलगा आला तेव्हा मी त्याला हे सांगितलं. तो कम्प्युटरसमोर बसला, खटाखट काही काढलं आणि म्हणाला, "पापा, इसमें एक सेटिंग है. गाड़ी अपने आप रोड पे रहेगी, मोड़ पे खुद मुड़ेगी. अंकल को लगेगा वही चला रहे हैं. बस किसी को बोलना मत."

मी हो म्हटलं. कोणी जबरदस्ती केली नव्हती. मीच हो म्हटलं, म्हणून इथं लिहितो.

सोमवारी गाडी अशी गेली की जणू रस्त्याला दोरीनं बांधली आहे. स्टेरिंगवाल्याचा डावा हात बाणांवर, मान पुढं, डोळे पडद्यावर. बाबूनं पाठीवर थाप मारली. मंगळवारी त्यानं भोंपूवाल्याला शिवी दिली, लकव्यानंतरची पहिली. बुधवारी त्याच्या बायकोनं डबाभर सांबारवड्या, कोथिंबिरीच्या, पाठवल्या. सगळ्यांनी ताव मारला. माझ्या वाट्याच्या मी भोंपूवाल्यापुढं सरकवल्या. पण तोंड मी उघडलं नाही. गुरुवारीही नाही.

शुक्रवारी एका लांब वळणावर त्यानं ओठाच्या कडेची लाळ पुसायला हात उचलला. ट्रक वळला. त्यानं हात परत ठेवला. पुढच्या वळणावर मुद्दाम उचलला. ट्रक वळला. मग सरळ रस्त्यावर उलट्या बाजूचं बटण दाबून पाहिलं. गाडी जराशी हलली आणि आपली आपण सरळ झाली. बाबू आणि भोंपूवाला "अरे, काय करून राहिला?" म्हणत होते. त्यानं हात मांडीवर ठेवला आणि फक्त माझ्याकडं पाहिलं.

"किती दिवसांपासून?"

"सोमवारपासून."

"तुले माहीत होतं."

"होतं."

"प्रेसवर कोणी तुझ्या दांड्याला हात लावला असता तर?"

तिथं असं कोणी केलं असतं तर मी त्याला खात्यात उभं राहू दिलं नसतं. तो काठी टेकत उठला. भोंपूवाला आधाराला धावला तर त्यालाही झटकलं. घासत घासत गल्लीच्या तोंडापर्यंत गेला आणि ऑटोत बसला.

मी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "रहने दो ना पापा. अंकल खुश थे ना?"

"खुश होता, पण खोट्यावर. लकवा त्याच्या हाताले झाला आहे, डोक्याले नाही."

"फिर गाड़ी पलटेगी."

"पलटू दे."

"अच्छा, संडे को आके बंद कर देता हूँ."

"काही गरज नाही," म्हटलं आणि फोन ठेवला.

मग बाबू आणि मी बसलो. इंग्रजीची अशी यादी की संपता संपेना. बाबू एकेक अक्षर मोठ्यानं वाचायचा, अर्थ लावायचा, चुकीचा लावायचा. आधी आम्ही आवाज बंद केला. मग कुठलं तरी बटण दाबलं आणि सगळी यादी भलत्याच भाषेत गेली. तिथून बाहेर यायला तास गेला. भोंपूवाला दोनदा चहा करून आणता झाला आणि "पोराले बोलवा नं," म्हणून दोनदा शिव्या खाता झाला. शेवटी एक ओळ बाबूनं तीनदा वाचली आणि म्हणाला, "हीच असेल." बंद केली. पण खरंच बंद झालं का हे पाहायचं कसं? बाणांना तर मी हात लावणार नव्हतो. मी नुसती रेस दाबून धरली. ट्रक सरळ गेला, वळण आलं, वळला नाही, आणि धाडकन कठड्यावर आदळला. गाडी ठोकल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

शनिवारी सकाळी त्याच्या घरी गेलो. तो खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. मी आयुष्यात कोणाची माफी मागितली नाही. फोरमनची नाही, घरच्यांची नाही. चार्जशीट घेतली पण माफी लिहून दिली नाही.

"बंद केलं," मी म्हटलं.

तो डाव्या हाताच्या नखानं भिंतीचा पोपडा खरवडत राहिला.

"बाबूनं अन् मी. पोराले बोलावलं नाही."

आत त्याच्या बायकोचा भांड्यांचा आवाज थांबला होता.

"मी चूप बसलो ते चुकलं."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. खाट करकरली, पण तो वळला नाही. भिंतीलाच म्हणाला, "मी पलटवीन."

"पलटव."

"रोज पलटवीन."

"रोज उभा करू. चौघं आहोत."

"बारा वाजता पोचायचा माल चारलेही नाही पोचणार."

"कोण वाट पाहून राहिलं तिकडं? पाइपच आहेत, नासतील थोडेच."

त्याचा खांदा हलला. हसला की खोकला, मला दिसलं नाही. मी उठून आलो. या म्हणून आग्रह करायचा माझा स्वभाव नाही.

सोमवारी जेवण झाल्यावर ऑटो थांबल्याचा आवाज आला. जयभीम नाही, काही नाही. आला, खुर्ची स्वतः पायानं उजवीकडं ढकलली आणि डावा हात बाणांवर ठेवला. मी रेस दिली. आमचा ट्रक म्हाताऱ्या माणसासारखा निघाला, या कडेपासून त्या कडेपर्यंत झोकांड्या खात. मागच्या गाड्यांनी भोंपू वाजवून जीव घेतला. आमच्या भोंपूवाल्यानं त्यांच्यापेक्षा जास्त वाजवला. दोन वळणं निघाली. तिसऱ्यावर बाबू ओरडला, स्टेरिंगवाल्याचं बोट बाणावरून सटकलं, ट्रक कलला आणि आडवा झाला. पाइप पार रस्त्याच्या त्या टोकापर्यंत घरंगळले.

मी स्टेरिंगवाल्याकडं पाहायचं टाळलं.

"ब्रेक!" तो ओरडला. जड जिभेनं, पण असा की गल्लीत ऐकू जावं. "ब्रेक कोण्या गाढवाच्या हातात आहे?"

"मी दाबला होता!"

"केव्हा? पलटल्यावर?"

"वळणाच्या आधी दाबला! बाबूले विचार!"

बाबू म्हणाला, "मी नकाशा पाहत होतो, मले या भानगडीत घेऊ नका."

"भोंपू तर मी वेळेवर..."

"तू चूप बे!" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

अर्धा तास भांडलो. त्याची बायको त्याला न्यायला आली. दारातून तिनं हा तमाशा ऐकला, ऑटोवाल्याला "भैया, रुको ज़रा" म्हणाली आणि पायरीवर बसून राहिली. आत यायची घाई तिनं केली नाही. शेवटी जाताना त्यानं मला दम दिला, "उद्या ब्रेकवर नीट बस, नाहीतर दुसरा माणूस पाहू."

आता सगळ्या कांचघरात तो सांगत फिरतो की गाडी माझ्यामुळं पलटली. सांगू दे. पण ब्रेक मी वळणाच्या आधी दाबला होता, आणि हे मी लिहून देतो.