काढलेला दाखव

जुनेमामांनी एकदा दाढ काढून घेतली आणि लगेच डॉक्टरांपुढे हात पसरला. काढलेली दाढ द्या म्हणाले. डॉक्टर हसले, पण मामा खुर्चीवरून उठेनात. शेवटी दाढ कापसात गुंडाळून हातावर ठेवली, तेव्हा कुठे उतरले. आंधळगाव ते मोहाडी त्यांची काळीपिवळी जीप चालायची आणि त्या रस्त्यावर ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. गाडीचा जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय ते मिस्त्रीच्या दारातून हलत नसत, म्हणून जुनेमामा. त्यांचं खरं नाव मला पोलिसांच्या कागदावर कळलं.

ही सवय कशी लागली ते मामींनी सांगितलं. एका मिस्त्रीने डिझेल फिल्टर नवा टाकला म्हणून सांगितलं आणि जुनाच धुऊन बसवला. गाडी रस्त्यात बंद पडली. आत बाळंतपणाला निघालेली बाई होती. बाई वाचली, मूल गेलं. मामा त्याबद्दल बोलत नसत. एवढंच म्हणायचे, "लावला तो आत गेला, तो मले दिसत नाही. काढला तो त दाखव."

काढलेले पार्ट सीटखालच्या पोत्यात जात. आम्ही मोहाडीच्या कॉलेजला जाणाऱ्या मुली त्या पोत्यावर पाय ठेवून बसायचो. खड्डा आला की ते खणखणायचं. कोणीतरी विचारायचं, "मामा, भंगाराचं दुकान टाकता का?" मामा आरशात बघत म्हणायचे, "टाकतो ना. पयले तुलेच वजनात घेतो."

आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. माझ्या कॉलेजला बाबा नाहीच म्हणत होते. मग एक दिवस म्हणाले, "जुन्याच्या गाडीनं जाशीन त जा." संध्याकाळी शेवटची मुलगी चढेपर्यंत मामा गाडी हलवत नसत. बाजार करून परतणारे कुरकुरायचे. मामा ऐकू न आल्यासारखे बसून राहायचे.

मागच्या वर्षी गाडी आरटीओत पासिंगला न्यायची होती. मामांचं काम नेहमी आंधळगावच्या मिस्त्रीकडे व्हायचं, पण तिथला एजंट म्हणाला, शहरात आपल्या ओळखीचं गॅरेज आहे, तिथे ब्रेकचं काम करून घ्या, तरच कागद मिळेल. त्या गॅरेजमध्ये गाडी आत जायची आणि माणूस फाटकाबाहेर थांबायचा. मामा दिवसभर फाटकाशी बसले. संध्याकाळी ते हात पुढे करणार, तोच मालकाने झिजलेला ब्रेक लायनर, म्हणजे चाकाला घासणारी ब्रेकची पट्टी, त्यांच्या हातावर ठेवला. मामा खूश होऊन परतले. दुसऱ्या दिवशी आम्हाला दाखवून म्हणाले, "एवढा मोठा गॅरेजवाला, पण न मांगता देल्लन पाहा."

गाडी पासही झाली. त्याच आठवड्यात कालव्याच्या पुलावरून उतरताना ब्रेक लागला नाही. मी मधल्या सीटवर होते. समोरून धानाचे भारे घेऊन बैलगाडी येत होती. "धरून बसा," एवढंच मामा म्हणाले. गाडी रस्ता सोडून मोहाच्या झाडावर गेली. त्यांचीच बाजू झाडाला लागली. त्यांनी मुद्दाम तशी घातली असं लोक म्हणतात. मी मागेच बसले होते, तरी मला ते नक्की सांगता येत नाही. आम्हा बाकीच्यांना मुका मार लागला. मामा मोहाडीच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत राहिले नाहीत.

आंधळगावच्या मिस्त्रीने नंतर चाक उघडलं. आत जुनाच लायनर होता, पार पट्टीच्या रिबिटापर्यंत झिजलेला. पोत्यातला लायनर त्याने शेजारी धरून पाहिला, तर तो बोटभर मोठा. दुसऱ्याच कुठल्या गाडीचा. मामा मागतात हे एजंटने गॅरेजवाल्याला आधीच सांगून ठेवलं असावं. आणि मामांनी तर आयुष्यभर जुना पार्ट नुसता मागितला होता, तो आपलाच का हे कधी लावून पाहिलं नव्हतं.

पासिंगच्या कागदावर ब्रेक चांगला होता, म्हणून चूक चालकाची, असं पोलिसांनी लिहिलं. मामींनी मला बोलावलं. "तू शिकून राहिली ना बाई. कागद खरा, मंग हे खोटे का?" मी तो लायनर घेऊन मोहाडीच्या पोलीस ठाण्यात गेले आणि जबाब दिला. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, चाकातला पासिंगनंतर झिजला असेल, तो पाहणं चालकाचं काम. आणि हा हातातला? हा तर कुठल्याही गाडीचा असू शकतो. मी लायनर आणून मामींच्या पोत्यात परत टाकला.

आता मी एसटीने जाते. बाबा रोज फाट्यापर्यंत सोडायला येतात.

दिवाळीनंतर भंगारवाला आला, तेव्हा मी मामींकडे होते. त्यांनी अख्खं पोतं त्याच्यापुढे ओतलं आणि त्यातून तो एक लायनर उचलून घेतला. हा कशाला ठेवता, म्हणून मी विचारलं. मामी पदराने तो पुसत राहिल्या.

"हा आपला नोहे," त्या म्हणाल्या. "ज्याचा आहे, त्याले तरी नवा बसवला असन का वं?"